बिनालेबलची कुपी: एकच हर्बल परफ्यूम, कुणाला ओवा, कुणाला बाम, कुणाला फिनाइल

अत्तरदाणी (धागाकर्ता)

इंदूरमध्ये कुप्या वाटून तीन आठवडे झाले, आता लिहा मंडळी. ज्यांना मिळाली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पुरुषांसाठीची, ताज्या हिरव्या वनस्पतींच्या वासाची एक ईडीटी (ओ द त्वालेत, म्हणजे हलकं परफ्यूम). नव्या १०० मिलीच्या बाटलीतून ५ मिलीच्या सात काचेच्या फवारा-कुप्या भरल्या. एका दाबात साधारण ०.१ मिली येतं, म्हणजे कुपीत पन्नासेक फवारे. नाव कुणाला सांगितलं नाही, आताही सांगणार नाही. नाव कळलं की नाक जाहिरातीचा वास घ्यायला लागतं.

घराणं सांगायला हरकत नाही: ॲरोमॅटिक फुजेर. वर, म्हणजे आधी येऊन आधी उडणारं: बर्गमॉट (लिंबूवर्गीय फळ), लॅव्हेंडर, रोझमेरी, बेसिल. मधे क्लॅरी सेज, जिरेनियम, जरासं थाइम. खाली, म्हणजे शेवटी उरणारं: कुमारिन (वाळल्या गवताचा गोडसर वास), ओकमॉस (ओकच्या झाडावरचं दगडफूल), मस्क (कस्तुरीसारखा वास). फुजेर म्हणजे फ्रेंचमध्ये नेचा. नेच्याला सांगण्यासारखा वास नसतोच. १८८२ साली उबिगाँ या घराण्यासाठी पॉल पार्केने कृत्रिम कुमारिन घालून 'फुजेर रोयाल' केलं आणि तेव्हापासून या जातीला ते नाव चिकटलं. पाको राबानचं १९७३ चं, अझारोचं १९७८ चं, दाविदॉफचं १९८८ चं कूल वॉटर, सगळी याच खानदानातली. कुपीत यांपैकी एकही नाही, तेव्हा ओळखायची शर्यत नको.

लिहिताना एवढं द्या: त्वचेवर कुठे मारला, किती फवारे, बाहेर तापमान किती, आणि तीन नोंदी: पहिली दहा मिनिटं, एक तास, पाच तास. नुसतं 'मस्त' किंवा 'बकवास' लिहायचं असेल तर दुसरे धागे आहेत.

नवतपा

छातीवर बनियनच्या आत २, मनगटावर १. सकाळी दहा, बाहेर ४१ अंश, कोरडी हवा.
पहिली दोन-तीन मिनिटं लिंबाची साल नखाने खरवडल्यासारखी. मग सरळ ओवा. भज्यात तळलेला नव्हे, तळहातावर चोळलेला कच्चा ओवा. एक तासाने दाढीचा साबण. पाच तासांनी शून्य.
वाईट नाही. पण ओव्याचे पैसे द्यायचे तर किराणा दुकान आहे की.

मालवी_सांज

ओवा कुठे हो? मला स्वच्छ बाम आला, सर्दीत कपाळाला चोळतात तो. मानेला १, कोपराच्या आत १. रात्री आठ, बाहेर २८-२९, गच्चीवर वारा. बाम पंधरा मिनिटं टिकला, मग लॅव्हेंडर दिसायला लागलं. एका तासाने वाळत घातलेलं गवत, किंचित गोड. पाच तासांनी पावडरीसारखा मऊ वास, उशीलाही लागलेला.
दिवसा आणि रात्री हे दोन वेगळे परफ्यूम आहेत असं माझं मत. मालव्यातली रात्र उगाच नावाजलेली नाही.

खडूस_नाक

फिनाइल. पोछा मारून पाच मिनिटं झालेली फरशी. २ फवारे, शर्टवर. पुढचं बघायची इच्छा झाली नाही.

अत्तरदाणी

@खडूस_नाक, शर्टवर नको होतं, नियमात त्वचा लिहिलं होतं. कापसावर अंगाची ऊब कमी मिळते, त्यामुळे वरचा थर सावकाश उडतो आणि फिनाइलवाला भाग तुम्हाला जास्त वेळ सोसावा लागला. पुन्हा करा, कोपराच्या आत, एकच फवारा.

रसायनी

तिघंही बरोबर आहेत, हीच यातली गंमत. तिघांनी एकाच मिश्रणातला वेगवेगळा घटक पकडलाय.

थाइमच्या नेहमीच्या तेलाचा कणा म्हणजे थायमॉल. ओव्याचाही तोच. थाइमच्या झुडपांत वाढलेल्या माणसाला त्यात डोंगरउतारावरचं ऊन दिसेल, आपल्याला पोटदुखी आणि हिंगाष्टक. रोझमेरीत सिनिओल आणि कापूर भरपूर. सिनिओल नीलगिरी तेलातला मुख्य घटक, आणि बामच्या डबीत नीलगिरी, कापूर, मेंथॉल हेच त्रिकूट असतं. कुपीत मेंथॉल बहुधा नसावं, पण दोन ओळखीचे भेटले की नाक तिसऱ्याला गृहीत धरतं. फिनाइलचं म्हणाल तर रोझमेरीतलं पायनीन चीडाच्या (पाइन झाडाच्या) तेलातही असतं आणि फरशी पुसायच्या द्रवांना चीडाचाच वास द्यायची जुनी पद्धत आहे.

शिवाय या घराण्यात डायहायड्रोमर्सिनॉल नावाचा एक लिंबाळ-धातूसारखा पदार्थ असतो. स्वस्त आणि टिकाऊ म्हणून तो आधी साबण-डिटर्जंटमध्ये रुळला आणि मग उंची बाटल्यांत गेला. १९८२ च्या द्राकार न्वार या परफ्यूममध्ये तो ठळक आहे, कूल वॉटरमध्ये त्याहून जास्त. तेव्हा 'धुतलेल्या कपड्यांचा वास येतो' हा आरोप नाही, वंशावळ आहे.

बेसिलचं आधीच सांगून ठेवतो, कारण कुणीतरी 'तुळस कुठे आहे' विचारणारच. परफ्यूममधलं बेसिल म्हणजे लिनालूल आणि मिथाइल चॅव्हिकॉल, झुकाव बडीशेपेकडे. आपल्या तुळशीत युजेनॉल, म्हणजे लवंगेकडे. वृंदावनातली तुळस शोधत बसाल तर सापडणार नाही.

दवणा_मरवा

मी लावणारी नाही, शेजारी बसणारी. घरात दोन आठवडे हा वास फिरतोय, म्हणून लिहिते.

लावणाऱ्याला पहिल्या दहा मिनिटांत जे येतं ते समोरच्याला जवळपास कधीच येत नाही. घरातून निघून माणूस कुणाला भेटेपर्यंत लिंबू, ओवा, कापूर सगळं ओसरलेलं असतं. हातभर अंतरावरून मला आला तो मरवा. गजऱ्यात अबोलीच्या मधे हिरवी काडी घालतात ना, तो. मरवा आणि ओवा एकच वाटणाऱ्यांनी एकदा दोन्ही चुरून बघावेत: मरव्यात ओव्याची धार नाही, गोडवा आहे. थाइम आणि मरवा वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले, तेव्हा मी फार चुकत नसावे.

दवणा मात्र यात नाही. असता तर ओळखला असता, त्याला सुक्या फळासारखी, जरा मद्यासारखी गोडी असते. परफ्यूमवाले सांगतात की दवण्याचं तेल प्रत्येकाच्या अंगावर वेगळं लागतं. तशी कुपी कधी वाटलीत तर या धाग्याचे दहा धागे होतील.

नवतपा

@दवणा_मरवा +१. ऑफिसात दोघांनी 'साबण बदलला का' विचारलं. ओव्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

डबेवाला

इथे प्रत्येक जण आठवणीतल्या वासाशी तुलना करतोय, आणि आठवण फसवते. घरच्या घरी मोजपट्टी करता येते, तासभराचं काम आहे.

झाकणाच्या सहा-सात छोट्या काचेच्या बरण्या घ्या. लोणच्याच्या जुन्या नकोत, झाकणाच्या रबरात वास मुरलेला असतो. एकीत अर्धा चमचा ओवा चोळून, एकीत पूजेच्या कापराची एक वडी, एकीत कापसावर नीलगिरी तेलाचा एकच थेंब (दोन टाकलेत तर बाकीच्या बरण्या वाया), मग पुदिन्याची चार पानं चुरून, तुळशीची पाच-सहा, बडीशेप पाव चमचा जाडसर कुटून, आणि वाळ्याच्या मुळ्या दोन थेंब पाणी शिंपडून. कोरडा वाळा काही बोलत नाही, ओला झाला की बोलतो. ओवा-बडीशेप सियागंज बाजारातून ताजी आणा. सहा महिने डब्यात पडलेली बडीशेप नुसती गोड लागते, वास उडालेला असतो. झाकणं लावून पंधरा मिनिटं ठेवा.

आता पट्टी. ड्रॉइंगच्या जाड कागदाची, बोटभर लांब, सेंटिमीटरभर रुंद. चकचकीत कागद नको, वर्तमानपत्र तर अजिबात नको, शाईचा वास येतो. एक फवारा, मग अर्धा मिनिट थांबा, अल्कोहोल जाऊ दे. घाई केली तर नाकाला झोंबतं आणि पुढची पाच मिनिटं नाक कामातून जातं. पट्टी नाकापासून दोन बोटं लांब, लहान लहान तीन हुंगे. लगेच एक बरणी. मग स्वतःच्या कोपराचा वास घ्या, अर्धा मिनिट. पुन्हा पट्टी, दुसरी बरणी. दुकानात कॉफीच्या बिया देतात, त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग नाही. चार बरण्यांनंतर गॅलरीत चक्कर मारून या.

हेच पाऊण तासाने त्याच पट्टीवर पुन्हा करा. मला सुरुवातीला सगळ्यात जवळ आला तो ओवा, पण कापूर पाठोपाठ, एवढंसं अंतर. पाऊण तासाने दोघेही मागे पडले आणि बडीशेप पुढे आली, जिची इथे कुणी दखलच घेतली नव्हती. पुदिना कुठेच नाही. कुमारिनसाठी घरात नेमकी बरणी करता येत नाही. जाड सालीच्या दालचिनीत ते असतं, पण दालचिनीचा स्वतःचा वास त्याच्यावर स्वार होतो.

आणि हो, सकाळी पोहे आणि त्यावरचा जिरावन मसाला खाल्ल्यावर लगेच नको. हाताला जिरं असतं. सराफ्यातल्या खाऊगल्लीत रात्री नऊनंतर तर कुठलाच परफ्यूम तपासू नये, साजूक तुपातली जलेबी जिंकते.

मालवी_सांज

बरण्या करून बघितल्या. कापूर आणि नीलगिरी एकत्र हुंगलं की माझा बाम तंतोतंत. ओवा वेगळा हुंगल्यावर तोही आतमध्ये आहे हे पटलं, आधी दिसतच नव्हता. एकदा दिसला की आता जात नाही, डबेवाले, हे काय करून ठेवलंत!

खडूस_नाक

दुसरा प्रयत्न, त्वचेवर, कोपराच्या आत १, संध्याकाळी, ३५ अंश. फिनाइल कमी झालं, कबूल. पण आता रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन येतंय, ते एक तास गेलं नाही. वर त्या जागी खाज. तुम्ही सगळे कुठल्या ओव्याबद्दल बोलताय?

अत्तरदाणी

खाज? आधी ते थांबवा, पुन्हा लावू नका. आणि सांगा: कुपी ठेवलीय कुठे, किती उरलीय, रंग कसा आहे?

खडूस_नाक

पश्चिमेच्या खिडकीत. पाव कुपी उरलीय, बाकीची भावाने संपवली. तुमच्या फोटोत पाण्यासारखं दिसतंय, माझं फिकट पिवळं आहे.

रसायनी

सापडलं. इंदूरचं मे महिन्यातलं पश्चिमेचं ऊन आणि तीन चतुर्थांश रिकामी कुपी, म्हणजे आत हवाच हवा. लिंबूवर्गीय तेलातलं लिमोनीन आणि लॅव्हेंडरमधलं लिनालूल हवेतला ऑक्सिजन घेऊन बदलतात. लिंबाचा वास बोथट होऊन टर्पेंटाइनकडे जातो. वासापेक्षा महत्त्वाचं हे की त्यातून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं त्वचेला ॲलर्जी देऊ शकतात, मूळ ताजं तेल त्या मानाने बरंच निरुपद्रवी असतं. तुमची कुपी आता बाकीच्यांची राहिलेली नाही. तुमच्या नोंदी बाजूला काढाव्या लागतील.

फेकून द्या. खाज दोन-तीन दिवसांत गेली नाही किंवा पुरळ आलं तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा, घरगुती लेप नकोत. पुढे नवी बाटली घेतलीत तर कोपराच्या आत त्याच जागी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. काही उठलं नाही तरच मानेपर्यंत जा.

ठेवायचं कुठे, तर बंद कपाटात, मूळ खोक्यात. न्हाणीघरात नको, स्कूटरच्या डिकीत तर नकोच नको. अर्ध्याखाली आलेली बाटली असेल तर छोट्या कुपीत काठोकाठ भरून घ्या आणि लवकर संपवा.

खडूस_नाक

म्हणजे मी परफ्यूमची नव्हे, खिडकीची समीक्षा लिहिली. ठीक आहे.
पण शर्टवरच्या फिनाइलला मी अजून चिकटून आहे. तेव्हा कुपी दोन दिवसांची होती.

जुनी_बाटली

मला शेवटाची तक्रार आहे. पाच तासांनी उरतं ते स्वच्छ, गुळगुळीत, पण पोकळ. फुजेरच्या बुडाशी ओल्या झाडाच्या सालीसारखा, किंचित कडू-खारट काळोख असायला हवा, तो ओकमॉसचा. इथे नाममात्र. ॲट्रानॉल आणि क्लोरोॲट्रानॉल या त्यातल्या दोन ॲलर्जीकारक घटकांवर युरोपीय संघाने २०१७ मध्ये नियम केला. २०१९ पासून तसा नवा माल आणायला बंदी, २०२१ पासून विकायलाही. आता हे घटक काढून टाकलेलं मॉस वापरतात, किंवा एव्हर्निलसारखं कृत्रिम. म्हणून एकाच नावाच्या जुन्या-नव्या बाटलीवरून भांडणारे दोघंही खरं बोलत असतात.

मालवी_सांज

@जुनी_बाटली, पोकळ नाही, हलका आहे. आपल्याकडे मेमध्ये तो ओल्या सालीचा काळोख अंगावर घेऊन कोण फिरणार?

जुनी_बाटली

डिसेंबरमध्ये फिरतो की. इंदूरला हिवाळा नाही असं कुणी सांगितलं!

नवतपा

माझ्या 'पाच तासांनी शून्य'चं काय? घरात आल्यावर बायको म्हणते वास येतोय. मला नाही.

रसायनी

दोन शक्यता, आणि वेगळ्या करता येतात. पहिली सवय: सतत तोच वास असला की नाक त्याची नोंद घेणं बंद करतं. दुसरी, काही जणांना ठरावीक मस्क मुळात येतच नाहीत, गॅलॅक्सोलाइड हे नेहमीचं उदाहरण. बाकी सगळं उत्तम येतं, तेवढीच एक खिडकी बंद.

सकाळी एका सुती रुमालावर २ फवारे मारून डब्यात घालून ठेवा. अंगाला त्या दिवशी काहीच लावू नका. सहा तासांनी बाहेरून फिरून या, मग डबा उघडा. रुमालाला वास आला तर ती सवय होती. बायकोला येतोय आणि तुम्हाला तेव्हाही नाही, तर मस्कची खिडकी बंद. तसं निघालं तर फवारे वाढवू नका. तुम्हाला काही फरक पडणार नाही, लिफ्टमधल्यांना पडेल.

बडोदेकर

इंदूरची कुपी बडोद्याला पाहुण्यांबरोबर आली, म्हणून लिहितो. इथे पारा ३७ च दाखवतो, पण हवा दमट. २ फवारे जास्त झाले. दमट हवेत हा पसरतो फार आणि त्यातला गोड भाग लवकर वर येतो. ओवा पाच मिनिटांत गेला, एका तासाला गवत आणि साबण एकत्र, पाच तासांनीही व्यवस्थित. इथे एकच फवारा, छातीवर, शर्ट घालायच्या आधी.
घाम आल्यावर मात्र जिऱ्यासारखी छटा आली. यात जिरं आहे का?

रसायनी

कुपीत जिरं असेल असं वाटत नाही. जिऱ्यातल्या क्युमिनाल्डिहाइडचा वास आणि घामाचा वास नाकाला जवळचे वाटतात, त्यामुळे हे तुमचंच योगदान असावं. काखेजवळ मारू नका, तिथे साधा बिनवासाचा डिओ.

कोरड्या हवेच्या लोकांसाठी उलट सल्ला. त्वचा कोरडी असेल तर वरचा थर झपाट्याने जातो. आंघोळीनंतर अंग किंचित ओलसर असताना बिनवासाचं क्रीम किंवा व्हॅसलिनचं अगदी पातळ बोट, दोन मिनिटांनी त्यावर फवारा, वीतभर अंतरावरून. मनगटं एकमेकांवर घासू नका. घासल्याने 'रेणू तुटतात' वगैरे काही नाही, ऊब आणि हवा मिळून लिंबू-लॅव्हेंडर लवकर उडतं इतकंच.

आणि मानेवर मारून उन्हात जाऊ नये. साल पिळून काढलेल्या बर्गमॉट तेलात बर्गाप्टेन असतं, उन्हात त्याने त्वचेवर काळे डाग पडतात. मोठे उत्पादक आता बहुतेक बर्गाप्टेन काढलेलं तेल वापरतात, पण कोपऱ्यावरच्या दुकानातल्या सुट्या 'कोलोन'ची खात्री कोण देणार?

वाळ्याचा_पडदा

जुनी_बाटली यांचा पोकळ शेवट भरून काढायचा सोपा उपाय आहे: खाली वाळा. कनौजी पद्धतीचं खसचं (वाळ्याचं) अत्तर, काचेच्या काडीने एक टिपका छातीच्या मधोमध. दहा मिनिटं जाऊ द्या, मग त्याच्या आजूबाजूला २ फवारे, वरून नको. वरून मारलं तर अल्कोहोलने अत्तर पसरतं आणि बनियनवर डाग येतो.

वाळ्यात मातीची ओल, मुळांचा कडवटपणा आणि एक धुरकट रेघ असते. मॉसची जागा तो हुबेहूब घेत नाही, पण काळोख मिळतो. शिवाय ओव्याची धारही बोथट होते, कारण नाकाला पकडायला दुसरं काही मिळतं. टिपका एकच. दोन झाले की कूलरच्या जाळीचा वास येतो आणि मग हर्बल वगैरे विसरा.

अत्तर घेताना तळहातावर नको, कागदावर बघा. खऱ्या खसचा वास दुसऱ्या दिवशीही कागदावर वळण बदलत राहतो. नुसत्या बेसमध्ये थोडा सुगंध घातलेलं असेल तर पहिल्या मिनिटाला जे आहे तेच शेवटपर्यंत, फक्त कमी कमी होत जातं. तांब्याच्या डेगेत काढलेली रूह खस (वाळ्याचं निव्वळ तेल) हिरवट दिसते, पण निव्वळ रंगावर भुलू नका, रंग घालता येतो.

जुनी_बाटली

केलं. सहा तास. आता बुडाला काहीतरी आहे. मॉस नाही, पण तक्रार मागे घेतो, निम्मी.

नवतपा

रुमालाचा निकाल: डबा उघडल्यावर मलाही आला, गोडसर, पावडरी. म्हणजे सवयच होती. मालवी_सांज, तुमचं 'वाळत घातलेलं गवत' आता समजलं, इतके दिवस मला ते अंगावर असताना दिसलंच नव्हतं.

अत्तरदाणी

आतापर्यंतचा हिशोब: सुरुवातीला ओवा तिघांना, बाम एकाला, फिनाइल एकाला (खिडकीच्या आधीचं, म्हणून धरलं), मरवा शेजारून. एक तासाच्या पुढे मात्र बहुतेक सगळे साबण, गवत, पावडर या एकाच गल्लीत येतात. भांडण पहिल्या पंधरा मिनिटांचंच आहे, आणि दुकानात आपण नेमकी तेवढीच पंधरा मिनिटं, एसीत, कागदावर हुंगून पैसे देतो.

दुसरी फेरी जुलैत, पाऊस लागल्यावर. मुख्य बाटली कपाटात, खोक्यात आहे. या वेळी कुप्या काठोकाठ भरून देईन, आणि खडूस_नाक यांना ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून. खाज पूर्ण गेली असेल आणि आठवडाभराच्या चाचणीत काही उठलं नाही तरच.

डबेवाला

तोपर्यंत बरण्या परफ्यूमच्या कपाटात ठेवू नका. माझ्या इथे आता सगळ्याच बाटल्यांच्या झाकणांना ओवा लागलाय.